एकट्यासाठी शिवलेली सीट

मिस्त्री गेल्यावर त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांनी सीटवाल्याकडे पाहिलं. बावीस वर्षं दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. एक मोटरसायकली दुरुस्त करायचा, दुसरा त्यांच्या सीटा शिवायचा. सीटवाला उभा राहिला, घसा खाकरला, "चांगला माणूस होता" एवढं म्हणाला आणि खाली बसला. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. तसं काही नव्हतं. हा माणूस आपल्याला किती थोडा माहीत होता, हे त्याला तिथे उभं राहिल्यावर कळलं आणि पुढचा शब्द फुटेना.

तसं वरवरचं पुष्कळ माहीत होतं. मिस्त्री डावखुरा होता. डबा उभ्यानेच खायचा. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत आवाजावरून सांगायचा, "चेन सैल आहे." गिऱ्हाईकाने गाडीची हेळसांड केली असेल तर तिथल्या तिथे झाडायचा, "आठ महिने तुला कोणी बिनअंघोळीचं ठेवलं तर तू तरी नीट चालशील का रे?"

आणि वर्षातून एकदा शटरवर "सात दिवस बंद" असा पुठ्ठा लटकवून तो आपल्या जुन्या जड मोटरसायकलवरून डोंगरात जायचा. एकटा. "डोंगरात दुसरा माणूस नको," म्हणायचा. "बरोबर कोणी असलं की बोलावं लागतं." परत यायचा तो रापून काळा ठिक्कर पडलेला, फक्त गॉगलखालची दोन पांढरी वर्तुळं तेवढी जागेवर. मग चार संध्याकाळी सीटवाल्याच्या बाकावर बसून सांगायचा, ढग खालून वर कसे येतात, लाकडी पुलाच्या फळ्या चाकाखाली कशा वाजतात. सीटवाला कात्री हातात तशीच धरून ऐकत राहायचा. घर ते दुकान एवढाच त्याचा प्रवास.

नऊ वर्षांपूर्वी एकदाच तो मागे बसून गेला होता. दुसऱ्या दिवशी कड्याच्या बाजूचं वळण आलं आणि त्याने डोळे मिटून मिस्त्रीचा सदरा असा धरला की खांद्यावर टरकला. तिथूनच गाडी वळवावी लागली. मिस्त्रीने कधी चेष्टा केली नाही. "बघू पुन्हा कधीतरी," एवढंच म्हणाला. पुढच्या वर्षापासून पुन्हा एकटा.

यंदा मिस्त्रीची साठी आली. आपल्याकडून काहीतरी द्यावं म्हणून सीटवाल्याने गुपचूप माप घेऊन एक सीट शिवली. एकट्यासाठी. पुढे कमरेला टेकू देणारा खोलगटपणा, आत दोन थरांचा फोम, मागची बैठक काढून तिथे सामान बांधायला लोखंडी जाळी. असं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. मिस्त्रीने तिच्यावरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाला, "लेका, हिच्यावर बसायचं की हिला कपाटात ठेवायचं?" सीटवाल्याच्या देखत त्याने ती गाडीला बसवली आणि निघाला.

नवी सीट सात दिवसांच्या वापरात दबते, टाके किंचित सैल होतात, मग ते एकदा आवळून घ्यावे लागतात. म्हणून मिस्त्री परत आल्यावर सीटवाल्याने सीट उतरवून घेतली. अंगठ्याने दाबली, तर फोम चेंडूसारखा वर आला. शिवणीत धुळीचा कण नाही. आणि कडेच्या दुमडीत त्याने कापताना ओढलेली पिवळ्या खडूची रेघ जशीच्या तशी होती. ती रेघ एका दिवसाच्या बसण्याने पुसली जाते.

"कशी वाटली सीट?" त्याने विचारलं.

"झकास!" मिस्त्री म्हणाला. "सात दिवसांत कमरेने एकदा हूं की चूं केलं नाही."

सीटवाल्याने मान खाली घातली आणि घट्टच असलेले टाके पुन्हा आवळले.

रविवारी तो धाकट्या भावाकडे गेला. धाकटा शाळेत कारकून. तोही दरवर्षी याच सुमारास आठवडाभर सासरी जायचा. दार उघडलं तर धाकट्याचा चेहरा करपलेला आणि डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं.

"सासरी काय छपरावर राहायला होतास?" सीटवाला म्हणाला.

धाकटा ततपप करायला लागला. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. "दादा, सीट नीट पोचली ना? आठवडाभर आमच्याच माळ्यावर होती. धूळ बसू नये म्हणून मी चादर टाकली होती वर. त्या सीटवर मागे बसताच येत नाही ना, मग गाडीची जुनीच सीट लावून गेले मिस्त्री आणि हे, दरवर्षीसारखे. तुम्हीच पाठवता म्हणे यांना."

चहा तसाच राहिला.

"तुला वाईट वाटू नये म्हणून, दादा," धाकटा म्हणाला. "मिस्त्रीच म्हणाला, त्याला नको सांगायला. तुझ्यामुळे परतावं लागलं, मग तुझ्याच भावाला घेऊन जायचं, हे बरं दिसत नाही."

"आठ वर्षं?"

धाकट्याने चहाच्या कपाकडे बघितलं.

"आणखी कोणाकोणाला माहीत आहे?"

"तसं... सगळ्यांनाच."

घरी जाताना सीटवाल्याला त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. पुलाच्या फळ्या वाजल्या तेव्हा मागे धाकटा बसलेला होता. गोष्टीतून त्याला मात्र दर वेळी नेमकं कापून काढलेलं. नेलं नाही याचं त्याला दुःख नव्हतं, तो भित्राच होता, कबूल. पण कीव करून फसवावं?

मिस्त्रीला एक संधी द्यायची असं त्याने ठरवलं. तो गॅरेजमध्ये गेला. मिस्त्री गाडीखाली आडवा होता, फक्त पाय दिसत होते.

"पुढच्या वर्षासाठी दोघांची सीट शिवून देऊ का?"

पाय हलायचे थांबले. "दोघांची कशाला? मी एकटाच तर असतो."

"बरं," सीटवाला म्हणाला.

त्यानंतर तीन आठवडे तो रोज सकाळी ठरवायचा, आज तोंडावर विचारायचंच. शेवटी एका दुपारी उठलाच. मिस्त्री दारात हात पुसत उभा होता. त्याच रात्री झोपेत तो जाणार होता, पण तेव्हा ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"काय रे?" मिस्त्री म्हणाला.

सीटवाल्याने त्याच्या खांद्यावरून आत गॅरेजात पाहिलं. "काही नाही. चौदाचा पाना आहे का?"

"तुझ्या शिलाई मशीनला चौदाचा नट कुठून आला?"

"आहे एक."

"घे. वरच्या खणात आहे."

"सापडला."

"चहा सांगू?"

"नको. आत्ताच झाला."