सातवीच्या दाखल्यावरचा अंगठा

शेठने बाचा हात मनगटाला धरला, अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. कागदात काय लिहिलं होतं ते बाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी सातवी पास होतो आणि तरी मी विचारलं नाही.

आम्ही जव्हारला शेठच्या ओट्याखाली उभे होतो. वर चढू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. पाय आपोआप खालीच थांबायचे. माझा बा कोळसा पाडणारा. सूर्यमाळच्या अंगाला आमचा पाडा. तिथून तो पहाटेच चालत निघाला होता, कारण त्याला शेठला माझा दाखला दाखवायचा होता. दाखला त्याने सागाच्या पानात गुंडाळून आणला होता. वाटेत एकदाही माझ्या हातात दिला नाही. घाम लागेल म्हणाला.

अंगठा देऊन झाल्यावर बा नेहमीसारखी शाई केसांना पुसायला लागला. शेठ म्हणाला, "केसांना कशाला? तो कागद आण की. पोरगा शिकलाय ना तुझा?"

बाने पान उलगडलं.

"हां. ह्याच्यावर उठव."

बाला वाटलं, हीसुद्धा सरकारी रीत असेल. पोरगा पास झाला की बापाचा अंगठा लागत असेल. अंगठा नसलेला कागद खरा नसतो, एवढंच त्याला जन्मभर शिकवलं होतं. त्याने दाखला ओट्याच्या कडेवर सपाट केला. माझ्या नावाशेजारची मोकळी जागा शोधली. अंगठा ठेवला. हळू, न हलवता, रेषा फाकणार नाहीत अशा बेताने.

ओट्यावरचे सगळे हसले. गुमास्ता, गिऱ्हाइकं, चहाला बसलेला कोणी साहेब.

"मी दुसरीतून पळालो, मास्तर," शेठ मला म्हणाला. "आज तीन डोंगरांचं लाकूड माझ्या वखारीत येतं. धंद्याला शाळा लागत नाही. डोकं लागतं."

बाही हसला. सगळे हसतायत म्हणून.

आणि मी हसलो.

हे लिहायला मला पाच वर्षं लागली. मी हसलो. बाकडे बघून नाही, शेठकडे बघून. मला त्या ओट्यावर बसायचं होतं.

परतीच्या वाटेवर बा म्हणाला, "आता पक्का झाला कागद."

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा मी शाळेत होतो. गुरुजींनी आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं, आता राज्य आपलं. मी घरी येऊन बाला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "मग कूप कुणाचा?" कूप म्हणजे तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा. राजा गेला, झेंडा बदलला. कूप शेठचाच राहिला.

मग जंगलमजुरांची सोसायटी निघाली. शेठसारख्या ठेकेदाराला वगळून कूप थेट मजुरांना. पहिला कूप एका हंगामापुरता. काम जमलं तर पुढे मिळणार, नाही जमलं तर परत शेठकडे. कारभार बघायला शिकलेला माणूस हवा होता. चार पाड्यांत शिकलेला मी एकटा. अठराव्या वर्षी मी मॅनेजर झालो.

मोखाड्याला कचेरीत दाखला दाखवला. कारकुनाने विचारलं, "हा अंगठा कुणाचा?"

"आमच्याकडचा एक गडी आहे," मी म्हणालो.

आमच्याकडे गडी! आमच्या झोपडीला दार नव्हतं.

त्या काळात माझ्या उशाखाली पत्रकं असत. कष्टकऱ्याच्या हातावर जग उभं आहे, हे मला तोंडपाठ होतं. मोखाड्याच्या बाजारात दगडावर उभा राहून मी ते ओरडून म्हणत असे. आणि कारकुनासमोर मी बाचा हात गड्याचा केला.

हंगामात बाने कोळशाची भट्टी लावली. लाकडं उभी रचून त्यावर पाला, पाल्यावर माती. घराएवढी मोठी. पेटवल्यावर तो तिच्यापासून हलला नाही. धूर पांढरा होता तोवर खालची भोकं उघडी ठेवली. धूर निळा, पातळ झाला तेव्हा एकेक भोक मातीने बुजवलं. त्यानंतर वाट बघायची. आतली आग श्वास कोंडून मरते. पुरती मरायच्या आत भट्टी फोडली तर वारा शिरतो आणि कोळसा पुन्हा पेट घेतो. बा पालथा हात मातीला लावायचा, कान टेकवायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा.

माझ्याजवळ एक पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं, बुजवल्यानंतर चौथ्या दिवशी भट्टी फोडावी. किती मोठ्या भट्टीचं ते, हे मी बघितलं नाही. चौथ्या दिवशी तपासणीला जंगल खात्याचे साहेब येणार होते. शेठही येणार होता. मला त्यांना कोळसा दाखवायचा होता.

बा म्हणाला, "पोरा, अजून गरम हाय. हात लावून बघ. दोन दिस थांब."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला काय कळतं? इथं छापलंय."

 छापलंय म्हटल्यावर बा नेहमीच गप्प व्हायचा. त्याने कुदळ उचलली आणि मी दाखवलं तिथे घातली.

आधी नुसती वाफ आली. मग आत लाल दिसलं. मग एकदम जाळ. बा दोन्ही हातांनी माती लोटत होता. पाणी नव्हतं. सूर्यमाळला उन्हाळ्यात पाणी कुठलं? बायका खालच्या झऱ्यावरून प्यायचं पाणी घेऊन चढत होत्या. माझ्या आत्याने डोक्यावरचा हंडा भट्टीवर ओतला. मागच्या बायकांनीही ओतले. चर्र झालं, जाळ तसाच राहिला. त्या दिवशी पाड्यावर लेकरांना प्यायला पाणी नव्हतं.

साहेब आणि शेठ कुपात आले तेव्हा राख होती.

आत्या मला म्हणाली, "वाच रं आता. राखंत काय लिवलंय ते वाच."

बा हाताला फडकं गुंडाळत होता. त्याची बोटं भाजली होती. आजतागायत तो त्यावर बोललेला नाही. त्याने मला एक शिवी दिली असती तर मी त्याचा ऋणी झालो असतो.

दोन दिवसांनी शेठ आमच्या पाड्यावर आला. पहिल्यांदाच. मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. त्या ओट्यावरच्या माणसाचा हात, माझ्या खांद्यावर. त्याने लिहून आणलेला कागद दिला. सोसायटीला हे काम झेपत नाही, आम्ही राजीखुशीने कूप शेठच्या हवाली करतो, अशा मजकुराचा.

"ह्यांचे अंगठे घे," तो म्हणाला. "नुकसानीचा अर्ज आहे म्हणून सांग. तू वाचशील तेच ह्यांच्यासाठी खरं. आणि उद्यापासून माझ्याकडे ये. गुमास्त्याच्या शेजारी बस."

ओटा. मला दिसला तो. खोटं कशाला सांगू?

मी जमलेल्या माणसांकडे वळलो. तोंड उघडायच्या आत बा पुढे आला. भाजलेल्या हाताचा अंगठा फडक्यातून मोकळा केला आणि धरला.

"तू वाचलंस ना?" तो म्हणाला. "मग दे शाई."

ज्या सातवीने त्याची भट्टी जाळली त्याच सातवीवर तो पुन्हा अंगठा ठेवायला तयार होता. दाखल्यावर ठेवला होता तसाच. हळू, न हलवता.

मी कागद मोठ्याने वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जसा होता तसा. मग आमच्या घरच्या बोलीत पुन्हा सांगितला. बाने अंगठा मुठीत घेतला. आत्या शेठला म्हणाली, "शेठ, इथं ओटा नाय बसायला. वाट तिकडं हाय."

शेठ माझ्याकडे बघून म्हणाला, "शिकून वाया गेलास."

पुढची भट्टी बाने सांगितल्या दिवशी फोडली. कूप आमच्याकडे राहील की नाही ते अजून ठरायचं आहे.

शेठ अजून सगळ्यांना सांगतो, धंद्याला शाळा लागत नाही. खरं आहे, त्याला नाही लागत. त्याला वखार बापाकडून मिळाली, साहेब चहाला मिळाले आणि अंगठे आमचे मिळाले. दुसरीतून पळालो, हे तो मिरवू शकतो. माझा बा शाळेचं तोंड न बघता मातीला हात लावून आतली आग ओळखतो, त्याला मिरवायला कोणी ओटा दिला? आम्हाला शाळा लागते. आमचीच भट्टी आमच्याकडून काढून घेणारा कागद वाचता यावा म्हणून लागते. पण शिकलेला माणूस आपल्या बाला 'तुला काय कळतं' म्हणणार असेल, तर तो शेठचाच गुमास्ता. मग तो कुठेही बसो. मी तो होतो.

दाखल्यावरचा अंगठा मी एकदा पात्याने खरवडायला घेतला होता. आता तो तसाच ठेवला आहे. कोणी विचारलं तर बाचं नाव सांगतो.

आणि शेठ, मी तुमच्या ओट्यावर चढणार आहे. बसायला नाही. त्या दिवशी बाचं मनगट धरून ज्या कागदावर अंगठा घेतलात तो कागद मागायला. तो वाचल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. आणि मोठ्याने वाचणार आहे.