जाणारं आणि येणारं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायचे. डोंबिवलीच्या आमच्या दुसऱ्या प्लांटला इथून एकच लाईन, आणि तिच्यावरून काय जातंय यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. आत काय लिहिलंय ते आम्ही बघत नसू. कुठल्या मशीनवरून, कुठल्या मशीनकडे, दोन्हीकडचे पोर्ट, म्हणजे मशीनची दारं, कोणते आणि प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची रीत, कोणता, एवढं जुळलं की माहितीची ती सगळी पॅकेटं एकाच प्रवाहाची. पाकीट न फोडता नुसत्या पत्त्यांवरून टपाल ओळखावं, तसं.

डोंबिवलीच्या प्लांटमध्ये तो होता. आम्ही लग्न करायचं ठरवलेलं. मी ठाण्याच्या कोळीवाड्यातली, त्याच्या घरी मासळीचा वासही चालायचा नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या घरचे फोटो स्कॅन करून चॅटवरून पाठवायचे. आई, बाबांची होडी, नारळी पौर्णिमेला नटलेल्या मावश्या. माझी माणसं त्याच्या आईला आधी दिसू देत, मग सांगणं सोपं जाईल, हा माझा शहाणपणा.

"घरी दाखव," मी लिहायचे.

"हो," तो लिहायचा.

आई रोज विचारायची, "काय गो, तो घरी कवा सांगनार हाय?"

"सांगेल गं," मी म्हणायचे.

लाईन कोण किती वापरतं याचा रिपोर्ट वाचायला सोपा पडावा म्हणून जाणारं आणि येणारं मी एकाच ओळीत मिळवलेलं. आमच्या दोघांची ओळ चांगली जाडजूड दिसायची, आणि ती बघून मला गुदगुल्या व्हायच्या. खरं तर मशीनच्या लेखी ते दोन वेगळे प्रवाह असतात. लाईन फारच तुंबायला लागली तेव्हा साहेब म्हणाले, "दोन्ही दिशा वेगळ्या करून दाखव बघू." मी केल्या.

माझी ओळ सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्यात वर. त्याची शोधायला मला खाली खाली जावं लागलं. त्यातही बरीचशी नुसती पोच होती, पॅकेट मिळालं की मशीन आपसूक पाठवतं ती. म्हणजे तीसुद्धा तो पाठवत नव्हता. इतके महिने मी बोलत होते आणि त्याचं मशीन हुंकार देत होतं. त्याचे "हो" मला पाठ होते, पण ते किती थोडे आहेत हे मी कधी बघितलंच नव्हतं. मला तिथेच रडू फुटणार होतं, आणि साहेब शेजारी उभे होते.

"हा वरचा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा, सर. बंद करते."

त्या दिवसापासून मी काहीच पाठवलं नाही. थोडा वेळ काही आलं-गेलं नाही की प्रवाह संपला असं मशीन धरतं. मी नाही धरलं. तो विचारेल, फोटो का थांबले, रुसलीस का, म्हणून टेबलावरच्या फोनकडे बघत बसायचे. डबा तसाच घरी परत न्यायचे. आईने विचारणं सोडून दिलं.

मग एका दुपारी खरंच त्याचा फोन आला.

"अगं, काय केलंस तू? लाईन एकदम फास्ट झालीये! इथे सगळे खूश आहेत. थँक्स हां."

"हं," मी म्हटलं.