दारातली दुआ

जीप दारात उभी होती, सामान टपावर बांधून झालं होतं, आणि मी जांभ्याच्या पायरीवर उभी राहून एकाच गोष्टीची वाट बघत होते. माझा भाऊ अब्बांच्या दुआला आमीन म्हणतो की नाही.

साल अठ्ठ्याण्णव. यजमान वारले होते, लेकाने मस्कतला बोलावलं होतं. आमच्या रत्नागिरीच्या राजिवड्यातली रीत तुम्हाला ठाऊक आहेच: माणूस परदेशी निघालं की घरातलं थोरलं दारात हात उचलतं आणि बाकीचे आमीन म्हणतात. पण अब्बा आणि भाय बोलतच नव्हते. भांडण बागेचं नव्हे हो, अल्लाहच्या गुणांचं! अब्बा मन्तिक, म्हणजे तर्कशास्त्र, शिकलेले. ते म्हणायचे, "त्याचं ज्ञान, त्याची दया त्याच्याहून वेगळी मानलीस, तर अनादी एक राहिला की अनेक झाले? गुण म्हणजे तोच." भाय त्याच मन्तिकाने उलटा यायचा. "मग ज्ञान आणि दया एकच ठरली. माफी मागताना दयाळू रहीम का म्हणता, जरब बसवणारा कह्हार का नाही? गुण म्हणजे तोच नव्हे, आणि त्याच्याहून वेगळेही नव्हेत."

"म्हणजे भात शिजलाही आणि नाहीही!" अब्बा हसले. भायने रागात त्यांना वाट चुकलेले म्हटलं. तेव्हापासून अबोला.

अब्बा दुआत फक्त "या अल्लाह" म्हणत. त्या एका नावात त्यांच्या मते सगळं आलं. त्या दिवशीही तेवढंच म्हणाले, माझ्याकडे बघितलं आणि थांबले. मग एकेका गुणाचं नाव घेऊ लागले. "या हफीज, हिला सांभाळ. या रज्जाक, हिला उपाशी ठेवू नको. या रहीम..."

"आमीन," जीपजवळून भाय म्हणाला. मग येऊन त्याने त्यांचा दंड धरला. "हरलात, अब्बा."

"हरलो-बिरलो काही नाही. लेक निघालीय माझी. वाद संध्याकाळी."

तो वाद अब्बा जाईपर्यंत रोज संध्याकाळी चालला. मी इथे मस्कतला एसीत बसून फोनवर ऐकत राहायचे. कार्ड संपायचं, मुद्दा नाही.

रत्नागिरीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, शेजारणी घर विचारतात तेव्हा मी बिल्डिंगचं नाव सांगते. पण ती पायरी? ती म्हणजे मी नव्हे, इतकी वर्षं तिच्याविना जगलेय. वेगळी म्हणावी, तर हात उचलले की मी तिच्यावरच उभी असते. अल्लाह माफ करो, त्याची बरोबरी कशाशीच नाही. पण भायचं म्हणणं मला असं कळलं.

परवा नात शिकायला निघाली. फ्लॅटच्या दारात मी हात उचलले, एकेक नाव घेतलं, आणि डोळे मिटून आमीनची वाट बघितली.