थोरलीचं टेबल सोडून

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सूचना कोणी वाचत नाही. पुस्तकं वाचतात, एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकावून वाचतात, पण दारावरचा कागद म्हणजे भिंतीचाच भाग. म्हणून कॉम्प्युटरचं काही बदलायचं असलं की धाकटी स्वतः फेरी मारायची, टेबलाटेबलाशी जाऊन सांगायची. तिनं सांगितलं तर कळलं, नाही तर नाही, असा आमच्याकडचा कायदाच झाला होता.

धाकटी कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. थोरली तिची सख्खी जाऊ, तळमजल्यावर पुस्तकांच्या नोंदी करणारी. दोघी एका घरात, एका ओट्याशी, आणि नोकरीही एकाच इमारतीत. मी देवघेवीच्या काउंटरवर, दोघींच्या मधे. पण बाजू माझी धाकटीची, हे आधीच सांगून टाकते. मला मधलं-बिधलं राहता येत नाही.

भांडणाचं मूळ जुन्या कॉम्प्युटरांत होतं. धाकटी तेव्हा पीएच.डी. करत होती, बायका ग्रंथालयात येऊन काय वाचतात यावर. काम संपलं की तिथेच एका कॉम्प्युटरवर लिहीत बसायची. बरीच प्रकरणं झाली होती. तेवढ्यात तिची आई आजारी पडली, ती माहेरी गेली, आणि इकडे जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरलं. ग्रंथपाल थोरलीला म्हणाले, "तुमच्या जावेला कळवा. तिचं काही असेल तर काढून घे म्हणावं." माझ्या या कानांनी ऐकलंय मी. थोरलीनं मान डोलावली. आजारपणाची चौकशी करायला ती रोज फोन करत होती, पण एवढंच काय ते तोंडातून निघालं नाही. धाकटी परतली तेव्हा कॉम्प्युटरच्या जागी धुळीचा चौकोन होता.

"विसरले गं," थोरली म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.

विसरली म्हणे! कोणाच्या घरी चहात साखर कमी पडली होती ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवणारी बाई ही. धाकटीच्या नावाआधी डॉक्टर लागणार, हेच तिच्या पोटात दुखत होतं. कोर्टात उभं केलं तरी मी हेच सांगेन.

धाकटीनं आदळआपट केली नाही. टिपणं घरी होती, पुन्हा लिहिता आलं असतं, पण तिनं त्यांना हात लावला नाही. मला एवढंच म्हणाली, "मला तिला अशीच, सगळं गेल्यावर, रडताना बघायचंय."

"बघशील," मी म्हटलं. "आणि मलाही बोलव."

मग थिन क्लायंट आले. जाडजूड वहीएवढा डबा, त्याला स्क्रीन आणि कीबोर्ड. डब्यात काही साठत नाही. सगळं काम मागच्या कुलूपबंद खोलीतल्या सर्व्हरवर चालतं. आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं तर टिकतं, डेस्कटॉपवर ठेवलं तर लॉगआउट झालं की पुसलं जातं. धाकटीनं फेरी मारून हे सगळ्यांना शिकवलं, थोरलीलाही. थोरलीनं दुसरीकडे बघत "हो, हो" केलं. जावेकडून शिकायचं म्हणजे नाक कापल्यासारखं ना!

त्याच सुमाराला एका वृद्ध प्राध्यापकांनी आपला सगळा ग्रंथसंग्रह आम्हाला दिला आणि त्याची सूची करायचं काम थोरलीकडे आलं. सूची छापली जाणार होती, तिच्या नावासकट. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव छापून येणार होतं. ती मन लावून टाइप करायची. फाइल डेस्कटॉपवर. संध्याकाळी फक्त स्क्रीनचं बटण बंद करायची आणि समजायची की कॉम्प्युटर बंद झाला. सर्व्हर कधी थांबत नव्हता, त्यामुळे सकाळी बटण दाबलं की फाइल समोर हजर. "माझा डबा गुणी आहे," असं म्हणत ती त्याला फडक्यानं पुसायची.

धाकटीला तिच्या खोलीतून कोण लॉगआउट करत नाही ते दिसायचं. एक दिवस ती काउंटरवर आली. डोळे नुसते चमकत होते.

"सगळं डेस्कटॉपवर आहे तिचं. सगळंच्या सगळं."

"मग आता?"

"आता काही नाही. थांबायचं."

आणि वर्षभरानं सर्व्हर बदलायचा हुकूम आला. धाकटी फेरीला निघाली, मी मागोमाग. इतकी गोड बोलत होती की पाहुण्यांना पानावर बसवतेय असं वाटावं. डेस्कटॉपवरचं सगळं फोल्डरमध्ये हलवा, फोल्डर तेवढे नव्या सर्व्हरवर जाणार, असं तळमजल्यावर तिनं बाइंडरला सांगितलं, शिपायाला सांगितलं, आणि एक टेबल सोडून पुढे गेली.

"काय गं, काही विशेष?" थोरलीनंच विचारलं.

"काही नाही ताई, चालू द्या तुमचं."

नवा सर्व्हर लागला. सकाळी मी काउंटर सोडून खाली जाऊन उभी राहिले. थोरलीनं बटण दाबलं. स्क्रीननं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, आणि स्वच्छ, रिकामा पडदा दाखवला. तिनं धाकटीला बोलावलं.

"गेलं, ताई," धाकटी म्हणाली. "जुना सर्व्हर कोरा करून परत पाठवला."

"मला सांगितलं नाहीस?"

"विसरले हो."

माझ्या काळजाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू! थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला सगळं समजलं, हे आम्हाला दिसलं. आम्ही दोघी वाट बघत उभ्या राहिलो.

ती घोटभर पाणी प्यायली. चष्मा पुसला. उठून पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक काढून आणलं, त्यावरची धूळ झटकली.

"फोल्डर कुठला म्हणालीस तू? दाखव एकदा."

धाकटीनं दाखवला. काय करणार, कामच तिचं. थोरली टाइप करायला लागली.

मेली रडली नाही! जिना चढताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. धाकटी मधल्याच पायरीवर बसली.

"असू दे," मी म्हटलं. "वर्ष गेलं ना तिचं पाण्यात? फिटलं तुझं."

"ती पाणी प्यायली आणि बसली गं लिहायला," धाकटी म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं नुसती तिच्याकडे बघत राहिले."

आणि तीच रडायला लागली, तोंडावर पदर घेऊन, हमसून हमसून. खालून कीबोर्डचा आवाज येत होता. मी खाली गेले आणि तळमजल्याचं दार धाडकन लावून आले.