न पुसलेली ओळ

दवाखान्यात रिपोर्ट टाइप करणाऱ्या बाईला सगळे मशीनगन म्हणत. सोनोग्राफीचे डॉक्टर पडद्यामागून ओरडून सांगणार, आणि त्यांनी हात धुऊन बाहेर यावं तर हिचा रिपोर्ट सहीसाठी तयार! युक्ती साधी होती. कॉम्प्युटरवर सगळं नॉर्मल असलेला एक नमुना कायम असायचा. बिघडलेलं तेवढं बदलायचं, बाकीच्या ओळी तशाच.

त्या सोमवारी एका सुताराचं अपेंडिक्स सुजलेलं निघालं. गडी इतका कळवळत होता, की डॉक्टरांना वरचं पोट तपासताच आलं नाही. "यकृत आणि त्याची शीर राहिली, तसं लिहा," ते म्हणाले. हिने मान डोलावली, तेवढ्यात फोन वाजला, आणि 'यकृत व शीर नॉर्मल' ही ओळ जागच्या जागी राहिली. डॉक्टरांनीही न वाचता सही ठोकली. झालं!

ऑपरेशन झालं, पण ताप हटेना. हुडहुडी भरली की सुताराचा पलंग हलायचा. मंगळवारी सकाळी फायली लावताना हिला ती ओळ दिसली. पण सांगितलं तर नोकरी जाणार, आणि घर हिच्या एकटीच्या जिवावर. 'उतरेल ताप, उगाच कशाला बोभाटा?' असं स्वतःला समजावत बाईने मंगळवार काढला, बुधवारही काढला.

गुरुवारी सुताराचे डोळे पिवळे पडले. सर्जनबाई हिच्या टेबलाशी फाइल चाळत पुटपुटल्या, "यकृत तर नॉर्मल होतं. मग हे काय?"

"मॅडम, ते कुणी बघितलंच नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "ती ओळ माझ्याकडून पुसायची राहिली."

तासाभरात पुन्हा तपासणी झाली. अपेंडिक्समधला संसर्ग यकृताकडे जाणाऱ्या शिरेत चढला होता, आणि तिथे पूमिश्रित गुठळी अडकली होती. फारच क्वचित होणारा प्रकार, पण झाला तर जिवावर बेततो. औषधं बदलली. आठवड्याने ताप उतरला.

घरी निघताना सुताराची बायको हिच्या टेबलाशी आली आणि दोन्ही हात धरून रडायलाच लागली.

"ताई, एवढे मोठे डॉक्टर, पण कुणाच्या लक्षात आलं नाही! तुम्ही बोललात म्हणून माझा माणूस वाचला."

नुसतं हसून हात सोडवता आले असते. पण हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंगळवारी सकाळीच माझ्या लक्षात आलं होतं," ती म्हणाली.

बायकोने मनातल्या मनात दिवस मोजले. मग हिचे हात सोडून दिले.