भिंतीवरची उलटी गल्ली

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईला सगळी गल्ली काजवाली म्हणायची. शिवणकारखान्यातून सदऱ्यांचे गठ्ठे तिच्याकडे यायचे, ती त्यांना काजं करून, बटणं लावून परत पोचवायची. काज करण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पन्नाशीला टेकलेली, एकटी, बोलणं मोजकं. गठ्ठ्यापुरती खाली उतरायची, तेही मान खाली घालून, झपझप.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि धाकट्या बहिणीचा फोन आला.

"अगं, दवाखान्यात मला रोज दुहेरी पाळी लागलीय. पोरांना एकटं कसं ठेवू? दीड महिना तुझ्याकडे धाडू का?"

"धाड की, विचारतेस काय?" असं म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर हिशेब करत बसली. घासातला घास देणं जमलं असतं. पण पोरांना रमवायचं कशानं? सिनेमा, पोहण्याचा तलाव, यांचं नाव काढायचीही सोय नव्हती.

पोरं तीन. थोरली ताई अकरा वर्षांची, सदा पुस्तकात डोकं खुपसलेली. मधला नऊ वर्षांचा, जगातलं सगळं ठाऊक असल्यासारखा बोलायचा म्हणून सगळे त्याला पंत म्हणत. धाकटी चिमणी पाच वर्षांची, तिचे प्रश्न झोपेतही संपत नसत.

दोन दिवसांत बटणांचे डबे रंगांप्रमाणे लावून झाले, रिकाम्या रिळांचे मनोरे रचून झाले. तिसऱ्या दिवशी पंतांनी चिंध्यांचा चेंडू केला. वजन यावं म्हणून त्यात मूठभर बटणं कोंबली आणि तो चेंडू खिडकीतून बाहेर गेला. काचेसकट.

तिघं भिंतीला चिकटून उभी राहिली.

"मावशी, रागावलीस?"

"रागावून काच परत येणार आहे का? आधी पायांत चपला घाला."

नवी काच इतक्यात घेणं जमणारं नव्हतं. कापडाच्या ताग्याभोवती येणारा जाड काळा कागद घरात होता. तो दुहेरी करून तिनं खिडकीला चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकला. वाऱ्यानं फडफडू नये म्हणून सुतळीनं गजाला बांधायचा विचार होता. त्यासाठी दाभणानं मधोमध भोकही पाडलं, पण सुतळी काही सापडेना. भोक तसंच राहिलं. खोलीत दिवसाढवळ्या काळोख झाला. सकाळी ती शिवण घेऊन बाहेर जिन्यापाशी बसली, आणि दुपारी सगळी आत गार फरशीवर आडवी झाली.

"मावशी," चिमणी कुजबुजली, "भिंतीवर कुणीतरी चालतंय."

"पाल असेल. झोप."

"पालीकडे छत्री नसते."

काजवालीनं डोळे उघडले. आधी काहीच दिसेना. मग अंधार सरावला, तशी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर हळूहळू गल्ली उमलली. पुसट, थरथरती, पण रंगांसकट. समोरची पिवळी इमारत उलटी टांगलेली. वर छताजवळून माणसं डोकी खाली करून निवांत चाललेली. लाल छत्री सरकत कोपऱ्यात विरघळली, तिच्यामागून एक सायकल आली. आणि खाली, जमिनीलगत, निळं आभाळ. एक ढग ताईच्या पायाजवळून निघाला आणि उशीपाशी जाऊन थांबल्यासारखा झाला.

ताई उठून खिडकीशी गेली. तिनं भोकावर बोट ठेवलं, तशी गल्ली विझली.

"भोकातून येतंय," ती म्हणाली.

"मग भोक मोठं केलं तर चित्र मोठं होईल," पंतांनी निकाल दिला.

काजवालीनं बटणाएवढं भोक करून दिलं. उजेड वाढला, पण गल्ली भिजलेल्या चित्रासारखी फिसकटली. पंतांचं तोंड एवढंसं झालं. तिनं वर दुसरा कागद चिकटवला, बारीक सुई घेतली, मग जाड, मग त्याहून जाड. आधीचं भोक दर वेळी बुजवत पाचव्या भोकाला समोरच्या गॅलरीतली वाळत घातलेली चादर स्पष्ट दिसू लागली. आपल्या हातच्या कामाला असा आरडाओरडा तिनं आजवर ऐकला नव्हता.

मग दुपारची वाट बघणं सुरू झालं. ऊन समोरच्या इमारतीवर गेलं की चौघं आपापली जागा धरत. समोर एक घड्याळजी आपल्या टपरीत पेंगायचा. भिंतीवर तो वटवाघळासारखा लटकलेला दिसे.

"तो पडत कसा नाही?" चिमणी विचारी.

"सवय आहे त्याला," काजवाली म्हणे.

पुढे पोरं पाळीपाळीनं खाली जाऊन नाटक करू लागली. पंत रस्त्यात लंगडत, ताई पांघरूण लेऊन राणीसारखी मिरवे, आणि वरचे प्रेक्षक टाळ्या पिटत. एके दिवशी पंत म्हणाले, "मावशी, आता तू जा."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठं ठाऊक आहे, तू भिंतीवर आहेस ते?"

ती गेली. रिकाम्या हातांनी भर दुपारी रस्त्यात उभी राहिली, तर हातांचं काय करावं तेच कळेना. शेवटी तिनं ते दोन्ही बाजूंना पसरले आणि एक गिरकी घेतली. मग आणखी एक. घड्याळजी जागा झाला.

"काजवालीबाई, काही हरवलंय का?"

"नाही हो. मी भिंतीवर आहे," ती म्हणाली, आणि आपलं आपल्यालाच हसू आवरेना.

वर आल्यावर तिनं विचारलं, "कशी दिसले रे?"

"हलकी," चिमणी म्हणाली. "ढगाच्या वर होतीस."

घड्याळजीला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वर आला, चष्मा पुसून भिंतीसमोर बसला. आपली टपरी दिसली तेव्हा मान वाकडी करून बघत राहिला. "तीस वर्षं तिथं बसतोय," शेवटी म्हणाला, "पण माझं दुकान एवढं देखणं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

दीड महिना कसा सरला कळलं नाही. बहीण न्यायला आली तेव्हा पोरांनी तिला आधी काळोखात निजवलं. दुहेरी पाळ्यांनी शिणलेली ती बाई ढग बघता बघता झोपून गेली. कुणी तिला उठवलं नाही, त्यामुळे त्यांची गाडी चुकली आणि सगळ्यांना आणखी एक रात्र मिळाली.

पोरं गेल्यावर घर खायला उठलं. काजवाली चार दिवस दुपारी एकटीच भिंतीकडे बघत पडली. पाचव्या दिवशी शिवण उचलून खाली गेली आणि घड्याळजीच्या टपरीशेजारी सावलीत बसली. उजेड चांगला होता. येणारेजाणारे थांबून दोन शब्द बोलत, तीही बोले.

आठवड्यानं चिमणीचा फोन आला.

"मावशी, आम्ही न्हाणीघराच्या खिडकीला कागद लावलाय. शेजारच्या काकांची विजार दिसते."

"आणि?"

"आणि ती उलटी आहे. पण मावशी, वारा आला की आभाळात उडते."