कडीवरचा हात

आउरेलियानं पोरीला खांद्यावर टाकलं आणि जिना उतरायला लागली. पहिल्याच वळणावर एका पायातली सपात सुटली, तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पोरीच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मागनं पोरीची आई बिर्गिट पळत होती आणि तिच्या मागं धुणंवाली चारो, हातात ओला टॉवेल घेऊन. टॉवेल कशाला घेतला ते तिचं तिलाही माहीत नाही.

"सरका! अरे सरका म्हणते ना! मुडदे बसवले तुमचे जिन्यात!"

जिन्यात पाहुणेच पाहुणे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात सेविया शहरातल्या कुठल्याच स्वस्त लॉजमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि लिमोनेरो तर मिरवणुकीच्या वाटेवरच. खोलीत बसून काय दिसणार, म्हणून सगळे दाराकडं निघालेले.

मी तिथं नव्हतो. मी त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी होतो, मिरवणुकीतला मारियाआईचा पासो, म्हणजे देवीचा मांडव, उचलणाऱ्या भोयांत, मानेवर दांडा घेऊन, अंधारात. जिन्यातली हकीकत चारोनं मला इतक्यांदा सांगितलीय की मीच तो टॉवेल धरला होता असं कधीकधी वाटतं.

आता आउरेलिया कोण ते सांगतो. लिमोनेरो लॉज तिचा, बापाकडून आलेला. आत चौकात लिंबाचं झाड, वर दोन मजले, संडास-मोरी पॅसेजच्या टोकाला सगळ्यांना मिळून एक. गरम पाणी सोडलं की पाइप असे बोंबलायचे की नवा पाहुणा हमखास टॉवेलवर बाहेर पळायचा. उतरणारे कोण, तर फिरते विक्रेते, विद्यार्थी, इस्पितळात कुणाचं तरी ऑपरेशन म्हणून गावाकडनं आलेली माणसं आणि कडके परदेशी. "माझ्या छपराखाली झोपला तो माझा," असं ती म्हणायची, आणि तसंच वागायची. एकाची गाडी चुकणार असं दिसलं तर सरळ पांघरूण ओढायची. एक फ्रेंच गडी दारू पिऊन परत मारामारीला निघाला, तर हिनं त्याचे बूट पिठाच्या डब्यात लपवले. सकाळी तो पांढऱ्या बुटांनी स्टेशनवर गेला.

मी शाळा सोडली तेव्हा बापानं मला घराबाहेर काढलं. गच्चीवरची खोली तिनं दिली. म्हणाली, "उपदेश मला येत नाही. नळ गळता कामा नयेत, बस." म्हणून या बाईबद्दल कुणी वाकडं बोललं तर माझा हात आजही उठतो. दोन्ही बाजूंनी बोलायला दुसरा माणूस बघा.

तर त्या दिवशी झालं ते पेस्तिन्योमुळं. तळून मधात घोळलेला गोड पदार्थ, पवित्र आठवड्यात घरोघरी करतात. आउरेलिया आत बदामाची पूड घालायची. दरवाजाजवळच्या टेबलावर ताट ठेवलेलं असायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं उचलायचं.

बिर्गिट डेन्मार्कची. पोरगी मेटे, दुधाचे दात पडायच्या वयाची. आमची भाषा दोघींनाही येत नव्हती. आउरेलियानं ताट पुढं केलं, बिर्गिट नको म्हणाली. आता आमच्याकडं पहिल्यांदा नको म्हणायची रीतच आहे. दुसऱ्यांदाही. लगेच हात पुढं केला तर लोक म्हणतात, घरी खायला घालत नाहीत वाटतं. आणि देणाऱ्यानं पहिल्याच नकोवर ताट मागं घेतलं तर तो कंजूष. म्हणून बिर्गिट जितकी जास्त नको म्हणायला लागली, तितकी आउरेलियाला ती जास्त संस्कारी वाटायला लागली.

"अगं घे गं बाई! लाजतेस काय! दोन्ही हात हलवतेय बघ चारो, काय वळण लावलंय आईबापानं!"

बिर्गिट डायनिंगमध्ये पिशवी आणायला वळली तेवढ्यात आउरेलियानं एक पेस्तिन्यो मेटेच्या हातात दिला. पोरीनं तो खाल्ला. दोघी वर खोलीत गेल्या, आणि मग वरून बिर्गिटची किंकाळी आली, तशा आउरेलिया आणि चारो वर धावल्या.

पोरीचे ओठ सुजले, मान सुजली. बिर्गिट स्वतःचा गळा धरून दाखवत होती आणि खाली ताटाकडं बोट करत होती. पोरीला बदाम बाधला, हे आउरेलियाला समजलं. चारो म्हणते, तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. पोरगी उचलली आणि निघाली.

रुग्णवाहिका गल्लीच्या वरच्या टोकाच्या चौकात उभी होती. मिरवणुकीच्या दिवशी ती तिथंच असते. लॉजच्या दारातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. पण मधे आम्ही होतो.

गल्लीचं खालचं तोंड मिरवणुकीतल्या टोकेरी टोपीवाल्यांनी भरलं होतं, हातात मोठ्या मेणबत्त्या, आणि त्यांच्यापुढं माणसाला माणूस चिकटलेला. तिकडनं जायचं म्हणजे मरणच. वरच्या तोंडात मारियाआईचा पासो नुकताच वळला होता. पासो म्हणजे लाकडाचा अख्खा मांडव समजा, वर देवी, चांदीचे खांब, छत्र, मेणबत्त्यांचं रान. आमच्या गल्लीत तो शिरला की खांब आणि भिंत यांच्यात बोटभर जागा उरते. मांजरसुद्धा जात नाही. आणि खाली आम्ही भोई, मानेवर चुंबळ, चारी बाजूंनी मखमलीची झालर सोडलेली, त्यामुळं काही म्हणजे काही दिसत नाही. आम्हाला दोनच गोष्टी कळतात. मुकादमाचा आवाज आणि कडीचा ठोका. पासोच्या पुढच्या अंगाला पितळेची कडी असते. चालताना एक ठोका पडला की जागेवर ठेवायचं. मग परत ठोका पडला की उचलायचं. त्या कडीला मुकादमाशिवाय कुणी हात लावायचा नाही. पाद्रीसुद्धा लावत नाही. बाईमाणसाचा तर प्रश्नच नाही.

आमचा मुकादम एलादियो. म्हातारा, खोकल्याचा, पण आवाज असा की पाय आपोआप चालायचे. आदल्या वर्षी छत्र दिव्याला घासलं आणि काच फुटली, तेव्हापासून मिरवणूक काढणाऱ्या मंडळाची कमिटी त्याच्यावर टपून होती. अध्यक्षाला आपला जावई त्या जागी आणायचा होता. एक चूक आणि कडी गेली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळीच तो लॉजखाली उभा राहून ओरडत होता, "आउरेलिया, गॅलरीतल्या कुंड्या उचल! देवीच्या छत्राला लागतात!"

"छत्र बारीक करा तुमचं."

"तुझ्या कुंडीपायी माझी कडी जाईल एक दिवस!"

"गेली तर इकडं आणा. मोरीच्या दाराला नाहीच आहे."

तो शिव्या देत गेला. तिनं कुंड्या आत घेतल्या.

तर आता आम्ही वळण काढून गल्लीत शिरलोय. घाम, मेण, धूप. एलादियो बाहेरनं म्हणतोय, "हळू माझ्या पोरांनो, उजवा पाय आखडून, तसंच, तसंच..." आणि तो मधेच थांबला.

बाहेर बाईचा आवाज. शब्द कळले नाहीत. मग कडी वाजली. एकदाच.

तो ठोका एलादियोचा नव्हता. कितीतरी वर्षं मानेवर ओझं घेऊन मी त्याचा ठोका ऐकला होता, कोरडा, खणखणीत. हा कच्चा होता, तिरपा लागलेला. पण अंगाला विचार करायची सवय नसते. ठोका पडला, आम्ही गुडघे वाकवले, पासो धाडकन जमिनीवर. वर सगळ्या मेणबत्त्या खडखडल्या.

पुढची झालर वर गेली आणि उजेडात आउरेलियाचं तोंड दिसलं.

"फेर्मीन! कुठं मेलास, फेर्मीन!"

"हा काय, इथं!"

"धर हिला. मागं दे. चौकात गाडी आहे. बघत काय बसलास, धर!"

पोरगी माझ्या हातात आली. ओठ वांग्याच्या रंगाचे. ती शिट्टी, बारीक, तुटत तुटत. माझ्या मागं दांड्यामागून दांडे, त्यांच्यामधे वाकलेली माणसं. मी तिला पहिल्या दांड्याखालून मागं सरकवलं.

"काय आहे हे?"

"पोरगी."

"कुणाची पोरगी?"

"तुझ्या सासऱ्याची! दम कोंडलाय तिचा, दे मागं!"

"डोकं सांभाळ, डोकं, दांडा आहे!"

"पोट आत घे ना जाड्या!"

"आतच आहे, उपवास आहे माझा!"

"उपवास दिसतोय तुझा!"

आणि मग शिट्टी थांबली.

मला पुढनं काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. मधल्या रांगेत कुणीतरी देवीचं नाव घ्यायला लागला, दुसरा खेकसला, "नंतर! आधी दे!" मागची झालर फाटल्याचा आवाज आला, उजेडाची रेघ आत आली, बँडवाल्यांपैकी कुणाचं तरी वाद्य दगडावर आपटलं आणि पळणारे पाय. झालर परत पडली. अंधार.

आम्ही बसून राहिलो. पुढं काय झालं कुणाला माहीत नाही. जाड्या रडत होता, त्याचा आवाज येत होता. मग बाहेरनं एलादियो बोलला, घोगरा.

"पोरांनो. ही उचल त्या लेकरासाठी. आभाळाला लावा."

ठोका पडला, आता त्याचाच, आणि आम्ही असा पासो उचलला की मान तुटायची राहिली. लॉजच्या दारासमोरून गेलो तेव्हा झालरीखालून मला एवढंच दिसलं, दगडावर दोन पाय. एकात सपात, एक उघडा.

पोरगी वाचली हे आम्हाला पार कॅथीड्रलच्या दाराशी कळलं. ट्रंपेटवाला धावत आला, झालरीला तोंड लावून ओरडला, "सुई टोचली! रडतेय! जोरात रडतेय!" आत असा आरडाओरडा झाला की बाहेरच्यांना वाटलं कुणीतरी चेंगरला.

ईस्टर झाल्यावर मंडळाच्या कमिटीनं आउरेलियाला बोलावलं. ती काळा पोशाख घालून गेली. आम्ही भोई मागं भिंतीला टेकून उभे होतो.

अध्यक्ष म्हणाला, "पोरीचं चांगलं झालं, देवीची कृपा. पण नियम आहे. कडी कुणी ठोकली?"

"मी."

"एलादियो, खरं का?"

एलादियोनं मान वर केली नाही. त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात तीच बोलली, "त्याला काय विचारताय? तो धुरात खोकत होता. पोरीला बदाम मी चारला, कडी मी ठोकली. लिहून घ्या आणि मला सोडा, वरच्या मजल्यावर गादी बदलायचीय."

तिचं नाव मंडळातून काढलं. बाप्तिस्म्यापासून तिचं नाव त्या यादीत होतं. तिचा बाप आयुष्यभर त्याच पासोखाली भोई होता, म्हणून दरवर्षी मारियाआईचं तोंड क्षणभर लॉजच्या दाराकडं वळवायचे. ते बंद झालं. पुढच्या वर्षी ती दारात उभी होती, देवी सरळ निघून गेली. झालरीखाली मी दात चावत होतो.

एलादियोची कडी मात्र राहिली. मुकादम म्हणून तो पुढं बरीच वर्षं चालला. दर रविवारी तो लॉजच्या स्वयंपाकघरात यायचा, ती त्याला अंडी तळून द्यायची, दोघं कुंड्यांवरून भांडायची. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा तोंडावर विचारलं.

"कमिटीपुढं जीभ कुठं ठेवली होती, मुकादम? नियम एक वर्ष बाजूला ठेवा, एवढं म्हणायला काय जात होतं?"

तो पावानं बशी पुसत राहिला. "तिला विचार."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "फेर्मीन, गच्चीवरच्या चादरी वाळल्या का बघ."

गेल्या वर्षी मेटे आली. उंच झालीय, आमची भाषा शिकलीय. सोबत बिर्गिट. चांगल्या हॉटेलात उतरायची ऐपत आहे, पण तीच खोली मागितली, तेच बोंबलणारे पाइप. आउरेलिया आता हळू चालते. टेबलावर ताट अजून असतं, त्यात फक्त संत्री.

आउरेलिया चर्चमध्ये प्रार्थनेला गेली होती. मी मेटेला फुशारकीनं सांगत होतो, कशी या बाईनं अख्ख्या सेवियासमोर कडी ठोकली. मेटेनं आईला सांगितलं. बिर्गिट मान हलवायला लागली.

"आई म्हणते, असं नाही झालं," मेटे म्हणाली. "आई तिच्या बाजूलाच होती. बाकी सगळे पाठीमागून बघत होते, आणि धूर होता."

बिर्गिट उठली. तिनं करून दाखवलं. आउरेलियाचा हात कडीकडं गेला, तो एलादियोनं वरच्या वर धरला, उजव्या हातानं. तिनं त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं पोरीकडं बघितलं. आउरेलियाचा हात सोडला नाही. आणि स्वतःच्या डाव्या हातानं कडी ठोकली.